दहा वर्षं चारच कोअर का?

या खेपेला आलेल्या पत्रांत नवा संगणक कोणता घ्यावा हा नेहमीचा प्रश्न आहेच. पण त्याच्यामागचा एक मोठा प्रश्नही बऱ्याच जणांनी विचारला आहे: बाजारात नवा प्रतिस्पर्धी आला की जुनी कंपनी खरोखर सुधारते का, की फक्त जाहिराती बदलते? हा प्रश्न आपल्या खिशाशी थेट जोडलेला आहे, म्हणून त्याच्याशी संबंधित पत्रंच इथे घेतली आहेत. प्रिंटर आणि वायफायच्या तक्रारी पुढच्या अंकात.

प्रश्न : मी निवृत्त बँक अधिकारी आहे. घरी असेंबल केलेला डेस्कटॉप वापरतो. २००८ साली 'कोअर २ क्वाड' घेतला, चार कोअरचा. २०१२ साली बदलला, तोही चार कोअरचा. २०१७च्या एप्रिलमध्ये हौसेने इंटेलचा आय-७ घेतला, पुन्हा चारच कोअर! आणि त्याच वर्षाच्या शेवटी पुतण्याने जवळपास तेवढ्याच पैशांत सहा कोअरचा आय-७ आणला. वर तो माझ्या नव्या मदरबोर्डवर चालतही नाही. पुतण्या म्हणतो, "काका, एएमडीने रायझेन काढला म्हणून इंटेल हलली." हे खरं, की योगायोग? (नाशिक)

उत्तर : पुतण्या बरोबर सांगतो आहे. पण इंटेलने नेमकं काय केलं हे तारखांवरून पाहिलं तर चित्र जास्त स्पष्ट होतं.

रायझेन २ मार्च २०१७ला बाजारात आला. आठ कोअरच्या 'रायझेन ७ १७००'ची अमेरिकेतली किंमत होती ३२९ डॉलर. त्या दिवशी इंटेलच्या दुकानात तेवढ्या किमतीला मिळत होता आय-७ ७७००के, चार कोअरचा. इंटेलकडे आठ कोअरचा प्रोसेसर नव्हता असं नाही. होता, पण त्याची किंमत हजार डॉलरच्या वर आणि त्याला मदरबोर्डही वेगळा, महागडा लागायचा. रायझेननंतर सात महिन्यांनी, ऑक्टोबर २०१७मध्ये, इंटेलने सहा कोअरचा आय-७ ८७००के ३५९ डॉलरला आणला. पुढच्या ऑक्टोबरात आठ कोअर आले, मे २०२०मध्ये दहा.

आता विचार करा. नवा प्रोसेसर मुळापासून आखायला आणि कारखान्यातून बाहेर काढायला तीन-चार वर्षं सहज लागतात. सात महिन्यांत ते काम जगातली कोणतीही कंपनी करू शकत नाही. म्हणजे सहा कोअरचा आराखडा इंटेलकडे आधीपासून तयार होता. रायझेनने इंटेलच्या इंजिनिअरांना काही नवीन शिकवलं नाही. जे करणं आधीच शक्य होतं, ते सामान्य गिऱ्हाइकाला परवडेल अशा भावात विकायला त्याने इंटेलच्या व्यवस्थापनाला भाग पाडलं.

इंटेलची बाजूही ऐकून घेतली पाहिजे. त्या काळात त्यांचं कारखान्याचं गणित खरोखर चुकलं होतं. २०१४मध्ये १४ नॅनोमीटरचं उत्पादन सुरू झालं आणि त्यानंतरचं १० नॅनोमीटरचं तंत्र वर्षानुवर्षं लांबत गेलं. त्यामुळे प्रगती मंदावली, असं म्हणण्यात तथ्य आहे. पण कोअरच्या संख्येला हे कारण पुरत नाही. २०१५चा चार कोअरचा आय-७ ६७००के १४ नॅनोमीटरवरच बनला होता आणि २०२०चा दहा कोअरचा आय-९ १०९००केसुद्धा १४ नॅनोमीटरवरच. त्या तंत्रात पाच वर्षांत सुधारणा झाल्या, पण तंत्र तेच. म्हणून माझं स्पष्ट मत आहे की चार कोअरवर थांबणं हा कारखान्याचा नाइलाज नव्हता, तो विक्रीचा निर्णय होता. समोर कोणी नव्हतं म्हणून तो इतकी वर्षं चालला.

किमतीचं एकच उदाहरण देतो, कारण मला ते फार बोलकं वाटतं. इंटेलचा १८ कोअरचा आय-९ ९९८०एक्सई २०१८ साली १,९७९ डॉलरला होता. वर्षभराने त्याचा वारस आला, तोही १८ कोअरचा, थोडा जास्त चपळ, आणि किंमत ९७९ डॉलर. सरळ एक हजार डॉलर कमी! मधल्या काळात एएमडीचे थ्रेडरिपर हे बऱ्याच कोअरचे प्रोसेसर बाजारात ठाण मांडून बसले होते, एवढंच घडलं होतं.

आणि २०११ ते २०१७ या काळात 'समोर कोणी नव्हतं' असं मी म्हणतो, कारण एएमडीचा २०११चा 'बुलडोझर' सपशेल फसला होता. कंपनी कर्जात होती. रायझेनच्या गाभ्याचं काम २०१२च्या सुमारास सुरू झालं, जिम केलर हे नावाजलेले आरेखक त्यासाठी परत आले, २०१४मध्ये लिसा सू प्रमुख झाल्या आणि माल दुकानात यायला २०१७ उजाडलं. प्रतिस्पर्धी उभा राहायला एवढा वेळ लागतो. तोवर आपल्यासारखे गिऱ्हाईक चार कोअरचेच पैसे भरत राहिले.

मदरबोर्डबद्दलचा आपला राग अगदी रास्त आहे. सॉकेट नावाने तेच होतं, एलजीए ११५१. तरी सहा कोअरच्या पिढीला ३०० मालिकेचा नवा चिपसेट लागेल असं इंटेलने ठरवलं. त्याच सुमारास एएमडीने एएम-४ हे सॉकेट बरीच वर्षं चालवण्याचं वचन दिलं होतं. पुढच्या वेळी डेस्कटॉप घ्याल तेव्हा प्रोसेसरच्या वेगाइतकंच लक्ष या गोष्टीकडे द्या: हा मदरबोर्ड आणखी किती पिढ्या पेलेल?

प्रश्न : आमच्या इथले दुकानदार ठामपणे सांगतात की एएमडी गरम होतो, घेऊ नका. मुलीला इंजिनिअरिंगसाठी लॅपटॉप घ्यायचा आहे. खरं काय? (सांगली)

उत्तर : हा समज वीस-पंचवीस वर्षं जुना आहे आणि एके काळी त्याला आधार होता. २००१ साली एक चित्रफीत गाजली होती: चालू संगणकाचा हीटसिंक काढल्यावर एएमडीचा अ‍ॅथलॉन काही क्षणांत जळून जातो आणि इंटेलचा पेंटियम ४ मात्र वेग कमी करून तगतो. ती पाहिलेली पिढी आज दुकानाच्या गल्ल्यावर आहे. पण २००४ साली इंटेलचा 'प्रेस्कॉट' इतका तापायचा की त्याच्या पुढची आवृत्ती, 'तेजस', इंटेलला रद्द करावी लागली. मग २०१३ साली एएमडीनेच २२० वॉटचा प्रोसेसर काढला. म्हणजे उष्णता कोणा एका कंपनीची मक्तेदारी नाही. जी कंपनी मागे पडते ती जास्त वीज ओढून वेग गाठायचा प्रयत्न करते, असं मला इतक्या वर्षांत दिसलं आहे.

मुलीसाठी घेताना कंपनीचं नाव बाजूला ठेवा आणि तो विशिष्ट लॅपटॉप पाहा: १६ जीबी रॅम, एसएसडी, हवा बाहेर फेकायला नीट जागा, आणि सांगलीत किंवा कोल्हापुरात सर्व्हिस सेंटर. दोन्ही कंपन्यांचे आजचे मधल्या किमतीचे प्रोसेसर तिचं शिक्षण पूर्ण होईपर्यंत पुरतील.

प्रश्न : उबंटू लिनक्स उतरवून घेताना फाइलच्या नावात 'एएमडी६४' असं दिसतं. माझा लॅपटॉप इंटेलचा आहे. चुकीची फाइल तर नाही ना? (छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : फाइल बरोबर आहे, निर्धास्त वापरा. पण हे नाव तिथे का आहे, ही गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण या सगळ्या विषयाचा गाभा तिच्यात आहे.

२००० सालाच्या आसपास संगणकांना ३२ बिटवरून ६४ बिटवर जायचं होतं, मुख्य कारण म्हणजे ३२ बिटला ४ जीबीहून अधिक मेमरी सहज हाताळता येत नाही. इंटेलने एचपीबरोबर 'इटॅनियम' नावाचा पूर्णपणे नवा प्रोसेसर तयार केला. तो २००१मध्ये आला. अडचण अशी की जगभर साठलेले जुने प्रोग्रॅम त्याच्यावर धड चालत नसत, चाललेच तर रखडत. इंटेलचा हिशेब असा की आपणच सर्वांत मोठे, तेव्हा लोक येतील मागे.

एएमडी छोटी कंपनी होती. लोकांना मागे ओढण्याची ताकद तिच्यात नव्हती. म्हणून तिने जुन्या प्रोग्रॅमांच्याच एक्स८६ भाषेला ६४ बिटची जोड दिली. एप्रिल २००३मध्ये 'ऑप्टेरॉन' आला, सप्टेंबरात 'अ‍ॅथलॉन ६४'. जुने प्रोग्रॅम जसेच्या तसे, पूर्ण वेगाने चालत आणि नवे ६४ बिटचेही चालत. गिऱ्हाइकाला काहीच सोडावं लागत नव्हतं. पुढच्याच वर्षी इंटेलला एएमडीची ही पद्धत स्वीकारावी लागली. प्रेस्कॉटमध्ये तर ६४ बिटची सोय आतून केलेली होती, फक्त सुरुवातीला ती बंद ठेवली होती. आज आपल्या इंटेलच्या लॅपटॉपवर चालणारा प्रत्येक ६४ बिटचा प्रोग्रॅम एएमडीने आखलेल्या सूचनांवर चालतो. लिनक्सच्या मंडळींनी फाइलला मूळ आखणाऱ्याचं नाव दिलं, ते तसंच राहिलं.

इटॅनियम तांत्रिकदृष्ट्या सामान्य नव्हता. त्याच्यामागे बुद्धिमान माणसं आणि अफाट पैसा होता. तरी त्याने कोणालाही हलवलं नाही. ऑप्टेरॉनने हलवलं, कारण त्याच्याकडे जायला गिऱ्हाइकाला आपलं जुनं सामान टाकावं लागत नव्हतं. प्रतिस्पर्धी कितीही चांगला असो, त्याच्याकडे जाण्याची वाट मोकळी नसेल तर प्रस्थापित कंपनीला त्याची भीती वाटत नाही.

प्रश्न : मी फोंड्याला बी.सी.ए. करतोय. अ‍ॅपलने एम-१ काढून इंटेलला सोडलं त्याला आता बरीच वर्षं झाली. याने विंडोजवाल्या लॅपटॉपमध्ये काही सुधारणा झाली का? आमच्यासारख्यांना मॅकबुक परवडत नाही, मग आम्हाला काय फायदा? (फोंडा)

उत्तर : फायदा झाला, पण उशिरा. हा उशीरच समजून घेण्यासारखा आहे.

एम-१ नोव्हेंबर २०२०मध्ये आला. तो असलेला मॅकबुक एअर आधीच्या इंटेलवाल्या एअरच्याच किमतीत, ९९९ डॉलरला होता. त्याला पंखाच नव्हता, आणि बॅटरी दिवसभर चालायची. जुने, इंटेलसाठी लिहिलेले प्रोग्रॅम 'रोझेटा २' नावाच्या भाषांतरकारामार्फत त्याच्यावर बऱ्यापैकी वेगाने चालत. वरच्या उत्तरातली मोकळी वाट ती हीच.

इंटेलने पहिलं उत्तर दिलं जाहिरातीतून. २०२१च्या मार्चमध्ये अ‍ॅपलच्याच जुन्या जाहिरातींतला अभिनेता घेऊन मॅकची उणीदुणी काढली. ते वाईट दिसलं. नोव्हेंबर २०२१मध्ये 'अल्डर लेक' आला, ज्यात काही कोअर दमदार आणि काही काटकसरी होते. दिसायला हे एम-१सारखंच. पण ती कल्पना इंटेल आधीपासून राबवत होती, त्यामुळे त्याचं श्रेय एम-१ला देणं योग्य नाही.

खरं उत्तर आलं सप्टेंबर २०२४मध्ये, 'लुनार लेक' या नावाने. विजेचा वापर कमी, बॅटरी लांब, मेमरी प्रोसेसरच्या शेजारी एकाच पॅकेजमध्ये, अगदी अ‍ॅपलसारखी. मुख्य गणनेचा भाग तर इंटेलने स्वतःच्या कारखान्यात न बनवता तैवानच्या टीएसएमसीकडून बनवून घेतला. पन्नास वर्षांहून अधिक काळ आपल्या कारखान्यांचा अभिमान बाळगणाऱ्या कंपनीने हे करावं, याहून मोठी कबुली नाही. एम-१पासून मोजलं तर जवळजवळ चार वर्षं. मुळातली सुधारणा एवढाच वेळ घेते. त्याआधी जे पटापट येतं, ती किमतीतली कपात असते किंवा कपाटात तयार पडून असलेला माल.

दरम्यान जून २०२४मध्ये क्वालकॉमचे स्नॅपड्रॅगन एक्सवाले विंडोज लॅपटॉप आले, त्यांनीही इंटेलला टोचणी लावलीच. त्याच सुमारास मायक्रोसॉफ्टने आपल्या 'को-पायलट प्लस' लॅपटॉपसाठी किमान १६ जीबी रॅमची अट घातली आणि ऑक्टोबर २०२४मध्ये अ‍ॅपलने आठ जीबीचा हट्ट सोडून मॅकबुक एअरला त्याच किमतीत १६ जीबी दिली. यामागे अ‍ॅपलची स्वतःची कारणंही होती. पण तुमच्यासारख्या विद्यार्थ्याच्या बाजूने पाहिलं तर वारा योग्य दिशेने वाहतो आहे.

एक तोटाही सांगतो. प्रतिस्पर्ध्याच्या चांगल्या गोष्टींबरोबर वाईटही उचलल्या जातात. लुनार लेकमधली मेमरी नंतर वाढवता येत नाही. बोर्डावर रॅम डकवलेले लॅपटॉप आता सर्रास आहेत. लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तापकीर गल्लीत जाऊन दोन हजारांत रॅम वाढवून लॅपटॉपला आणखी तीन वर्षं जगवणं, ही आपल्याकडच्या विद्यार्थ्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची सोय होती. ती जाते आहे याचं मला मनापासून वाईट वाटतं. खरेदीआधी रॅम सुटी आहे का, हे दुकानदाराला विचाराच.

प्रश्न : आता एएमडी पुढे गेली आहे आणि इंटेलची अवस्था वाईट आहे असं वाचतो. मग एएमडीच उद्या तसंच वागणार नाही कशावरून? (ठाणे)

उत्तर : उद्याची वाट पाहायला नको, हे एकदा घडून गेलं आहे. नोव्हेंबर २०२०मध्ये रायझेन ५००० आला आणि एएमडी बहुतेक सगळ्याच बाबतींत इंटेलच्या पुढे गेली. लगेच किमती ५० डॉलरने वाढल्या. सहा कोअरचा सर्वांत स्वस्त प्रोसेसर होता २९९ डॉलरचा, त्याखाली त्या मालिकेत सुरुवातीला सुट्या डेस्कटॉप विक्रीत काही नव्हतं. बरेच महिने तसंच चाललं. एएमडीच्याच जुन्या ३०० मालिकेच्या मदरबोर्डांवर हे प्रोसेसर अधिकृतपणे चालणार नाहीत, हेही तेव्हाचंच.

मग इंटेलचा अल्डर लेक आला आणि जानेवारी २०२२मध्ये त्यातला आय-५ १२४०० स्वस्तात मिळू लागला. एप्रिल २०२२मध्ये एएमडीने १९९ डॉलरचा ५६०० आणि १५९ डॉलरचा ५५०० बाजारात आणले, आणि जुन्या मदरबोर्डांना परवानगीही दिली. पाच वर्षं जुन्या बोर्डावर नवा प्रोसेसर बसवून अनेकांनी आपला संगणक वाचवला. वचन पाळल्याचं श्रेय एएमडीला जरूर द्या, पण तारीख लक्षात ठेवा.

म्हणूनच इंटेलच्या हलाखीचा आनंद मानणाऱ्यांत मी नाही. १३व्या आणि १४व्या पिढीच्या काही डेस्कटॉप प्रोसेसरांत जास्त व्होल्टेजमुळे बिघाड होत होते. २०२४मध्ये त्यावर दुरुस्ती आली आणि इंटेलने हमी दोन वर्षांनी वाढवली. ज्यांच्याकडे ते असतील त्यांनी बायोस अद्ययावत करून घ्यावा, टाळाटाळ करू नये. पण कंपनी म्हणून इंटेल टिकली पाहिजे, आपल्यासाठी.

कायद्याबद्दलही थोडक्यात सांगतो. युरोपीय आयोगाने मे २००९मध्ये इंटेलला १.०६ अब्ज युरोंचा दंड केला, कारण संगणक बनवणाऱ्यांना सवलती आणि पैसे देऊन एएमडीला रोखल्याचा ठपका होता. त्याच वर्षी इंटेलने चूक मान्य न करता एएमडीला १.२५ अब्ज डॉलर देऊन वाद मिटवला. युरोपातला खटला पुढे दीड दशक चालला. सवलतींबद्दलचा निर्णय शेवटी न्यायालयाने रद्द केला, मात्र एएमडीचा माल लांबवण्यासाठी पैसे दिल्याचा भाग टिकला. इतक्या संथ न्यायाने बाजार खुला राहत नाही, एवढं मी खेदाने म्हणेन.

प्रश्न : माझा डीटीपीचा व्यवसाय आहे. पेजमेकर, श्रीलिपी आणि वीस वर्षांच्या फाइली: लग्नपत्रिका, दिवाळी अंक, संस्थांचे अहवाल. मुलगा म्हणतो स्नॅपड्रॅगनवाला नवा लॅपटॉप घ्या, बॅटरी छान चालते. घेऊ का? (कोल्हापूर)

उत्तर : कामाचा मुख्य संगणक म्हणून आत्ता घेऊ नका.

त्या लॅपटॉपमधला प्रोसेसर एआरएम जातीचा आहे. विंडोज ११ त्यावर जुने इंटेल-एएमडीचे प्रोग्रॅम भाषांतर करून चालवतं आणि साधे प्रोग्रॅम बहुतेक नीट चालतात. पण हे भाषांतर ड्रायव्हरना लागू होत नाही. ड्रायव्हर त्या प्रोसेसरसाठी खास लिहिलेलाच लागतो. आपल्या जुन्या सॉफ्टवेअरला यूएसबीचा डोंगल असेल, लेझर प्रिंटर किंवा स्कॅनर जुना असेल, तर त्यातलं काहीही अडू शकतं. कीबोर्डची मांडणी मधल्यामध्ये बदलणारी मराठी टंकलेखनाची जुनी साधनंही अशा ठिकाणी भरवशाची नसतात. इंटेल किंवा एएमडीचा अलीकडचा, कमी वीज खाणारा लॅपटॉप घ्या. त्याची बॅटरीही आता पूर्वीपेक्षा खूप बरी चालते.

मात्र आपल्या पत्रातली मला खरी काळजीची गोष्ट वाटते ती लॅपटॉपची नाही. वीस वर्षांचं काम ज्या फाँटांत आहे त्यांची अक्षरं एका ठरावीक सॉफ्टवेअरलाच कळतात. तो प्रोग्रॅम नसला की पडद्यावर अगम्य चिन्हं. पेजमेकरची शेवटची मोठी आवृत्ती २००१ची आहे. देवनागरी युनिकोडमध्ये १९९१च्या पहिल्या आवृत्तीपासून आहे, आणि विंडोज २०००मध्ये 'मंगल' हा युनिकोड फाँट आला, तो तर मुंबईच्या र. कृ. जोशींनी घडवलेला. सोय होऊन पाव शतक झालं तरी महाराष्ट्रातलं कितीतरी छापील काम अजून जुन्या सांकेतिक पद्धतीत अडकलेलं आहे. त्यामुळे उद्या कितीही उत्तम नवा संगणक आला तरी आपल्याला त्याच्याकडे जाता येणार नाही, आणि हे आपल्याला विकणाऱ्यांना पक्कं माहीत असतं.

सगळं एकदम बदलायला जाऊ नका. आधी तिन्ही प्रकारच्या फाइलींच्या पीडीएफ काढून दोन वेगळ्या डिस्कवर ठेवा. मग ज्या मजकुराचं पुन्हा काम पडतं, म्हणजे संस्थांचे अहवाल आणि दिवाळी अंकांतले लेख, तेवढेच परिवर्तक वापरून युनिकोडमध्ये आणा. रूपांतरात जोडाक्षरं आणि रफार हमखास चुकतात, विशेषतः 'र्‍या' आणि 'द्ध' तपासा, आणि मुद्रितशोधन माणसाकडूनच करून घ्या. लग्नपत्रिका तशाच राहू द्यात. नवं काम मात्र युनिकोडमध्येच सुरू करा. आणि डोंगलवाला जुना संगणक, नवा आला तरी, भंगारात देऊ नका. शेवटची फाइल उघडून होईपर्यंत तो लागेल.